बीपी होतं, तरी सिझर का नाही केलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गेल्या चार वर्षांत हा प्रश्न मला कितीजणींनी केलाय, मोजदाद नाही. मुलीला बालवाडीत सोडायला जाते तेव्हा दाराशी, लग्नाच्या पंगतीत, आणि हल्ली बहुतेक वेळा रात्री जेवणं उरकल्यावर फोनवर. फोन करणारीला आठवा लागलेला असतो आणि त्याच दिवशी डॉक्टरांनी बीपी वाढल्याचं सांगितलेलं असतं. इकडचं तिकडचं बोलून होतं, मग आवाज खाली येतो. "ताई, तुमचं बीपी एवढं होतं, मग सरळ सिझर का नाही केलंत?"

कारण सिझर करावं असं काही झालं नव्हतं. बाळंतपण लवकर उरकायला हवं होतं, हे खरं. पण लवकर करणं वेगळं आणि पोट उघडून करणं वेगळं. मलाही हे सदतिसाव्या आठवड्याच्या तोंडावर कळलं, तोवर मीही बीपी म्हणजे सिझर असंच धरून चालले होते.

माझ्या डोहाळजेवणाला कासारणीने नेहमीच्या दोन-चारच्या बांगड्या काढल्या, त्या मुठीतून जाईनात. दोन-सहाच्याही अडकल्या. शेवटी दोन-आठच्या घातल्या आणि सगळ्या बायका म्हणाल्या, दिवस भरत आले की सूज यायचीच. ते खोटं नाही, पुष्कळजणींना येते. पण चार दिवसांनी तपासणीला गेले तर बीपी १४८/९६. डॉक्टरबाईंनी बाहेर शांत बसवून पुन्हा मोजलं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोलावलं. विसाव्या आठवड्यानंतर, निदान चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा त्याच्या वर आलं तर ते गरोदरपणातलं बीपी. मला तेहतिसावा आठवडा होता. लॅबेटॅलॉलच्या गोळ्या सुरू झाल्या, घरी मशीन आलं, दर आठवड्याला लघवी आणि रक्त तपासणं सुरू झालं. छत्तिसाव्या आठवड्यात लघवीतून प्रोटीन जायला लागलं. म्हणजे नुसतं बीपी राहिलं नाही, प्रीएक्लॅम्प्सिया झाला.

डॉक्टरबाईंनी त्या दिवशी मला जे समजावलं, ते मी आता फोनवर तसंच्या तसं सांगते. या आजाराचं मूळ वारेत, म्हणजे प्लॅसेंटात असतं. वारेला रक्त पुरवणाऱ्या नळ्या जेवढ्या रुंद व्हायला हव्या तेवढ्या होत नाहीत, आणि त्याचा त्रास आईच्या सगळ्या अंगाला होतो. मूत्रपिंड, यकृत, डोकं, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट. गोळ्या बीपी आवरतात, आजार थांबवत नाहीत. वार बाहेर आली की आजार उतरायला लागतो. ती कुठल्या वाटेने बाहेर येते, याच्याशी आजाराला देणंघेणं नाही.

म्हणून आधी ठरवायचं ते कधी. सौम्य प्रकारात सदतीस आठवडे पुरे झाले की थांबण्यात अर्थ नसतो. नेदरलँड्समध्ये अशा ७५६ बायकांवर अभ्यास झाला होता, २००९ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला. छत्तीस आठवड्यांपुढच्या निम्म्याजणींना औषध देऊन कळा आणवल्या, निम्म्याजणींवर नुसतं लक्ष ठेवलं. थांबलेल्यांत ४४ टक्के आयांची तब्येत बिघडली, कळा आणवलेल्यांत ३१ टक्के. आणि मला ज्याची सगळ्यात धास्ती होती तेही त्यात होतं. कळा आणवल्या म्हणून सिझर वाढली नाहीत. १४ टक्के, आणि थांबलेल्यांत १९.

दुसरा अभ्यास आपल्या नागपूरचा. याचा मला फार अभिमान वाटतो, कारण तो मोठ्या पंचतारांकित हॉस्पिटलात नाही, दोन सरकारी रुग्णालयांत झाला. बीपी असलेल्या ६०२ बायका. कळा आणायला काहींना मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची बारीक गोळी दर दोन तासांनी तोंडाने दिली, बाकीच्यांना पिशवीच्या तोंडाशी फुगा बसवला. गोळीवाल्यांपैकी ५७ टक्के जणी चोवीस तासांत नॉर्मल बाळंत झाल्या, फुगावाल्यांपैकी ४७ टक्के. २०१७ साली हेही लॅन्सेटने छापलं. बीपी असलेली बाई नॉर्मल बाळंत होऊच शकत नाही म्हणणाऱ्यांना मी हे आकडे सांगते.

घरात मात्र आकड्यांनी काही ठरत नाही. सासूबाईंचं म्हणणं, एवीतेवी डॉक्टर तारीख देतातच आहेत, तर पंचांग बघून चांगला दिवस काढू आणि सिझर करून मोकळे होऊ, पोरीला उगाच दोन दिवस कळा कशाला. त्यांच्या बोलण्यात माझी काळजीच होती. आईचं वेगळं. पहिलं बाळंतपण माहेरचं, आजीची सहा घरातच झाली, तू ये इकडे. आमचं माहेर पाटण तालुक्यात, डोंगरावर. जून लागलेला. शेवटी बाबांनीच विषय संपवला. "घाटात दरड आली तर पोरीला खांद्यावर नेणार आहेस का?"

माझ्या मते पहिला प्रश्न हाच, नॉर्मल की सिझर हा त्याच्या नंतरचा. जिथे बाळंतपण करायचं तिथे रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ येतो का, रक्त मिळतं का, बाळाला काचेत ठेवायची सोय आहे का, झटके आले तर मॅग्नेशियमचं इंजेक्शन हाताशी आहे का. हे नसेल तर बीपीवाल्या बाईने तिथे राहू नये, मग ते माहेर असो नाहीतर घराशेजारचं छोटं हॉस्पिटल. पैशाची अडचण असेल त्यांना सांगते, सरकारी रुग्णालयात बाळंतपण फुकट आहे, सिझरसुद्धा, २०११ पासून. न्यायला १०२ची गाडी येते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची खास तपासणी असते, ती चुकवू नका. आई शेवटी लाडवांचे डबे घेऊन पुण्याला आली.

सिझर नको असं मी कधीच म्हणत नाही. माझ्या मावसबहिणीचं एकतिसाव्या आठवड्यात करावं लागलं. बीपी तीन औषधांनी आवरेना, डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, बाळाचा रक्तपुरवठा आटलेला, बाळ जेमतेम सव्वा किलोचं. तिथे कळांची वाट बघणं म्हणजे बाळ गमावणं होतं. तो मुलगा आता पहिलीत आहे. पण माझं बाळ वाढत होतं, डॉप्लर चांगला, डोकं खाली, प्लेटलेट एक लाख साठ हजार. अशा वेळी ऑपरेशनचा रक्तस्राव, टाके, पुढच्या बाळंतपणातली जोखीम हे सगळं विनाकारण कशाला अंगावर घ्यायचं?

मी एकच हट्ट धरला. कुठली गोष्ट घडली की सिझर करायचं, ते आधी ठरवून टाकू. डॉक्टरबाईंनी फाईलच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून दिलं. बीपी १६०/११०च्या वर जाऊन औषधांना दाद देईना. बाळाचे ठोके पडले. प्लेटलेट घसरायला लागल्या. किंवा कळा देऊनही पिशवीचं तोंड उघडेना. खाली मी सही केली, नवऱ्याने केली, आणि त्याने सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या पानानंतर घरात वाद झाला नाही. फोन करणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते, असं एक पान मागून घ्या.

सदतीस आठवडे आणि एक दिवस. संध्याकाळी सहाला पहिली गोळी. दर दोन तासांनी सिस्टर यायच्या, गोळी, घोटभर पाणी, मग बीपीचा पट्टा. पहाटेपर्यंत दंडावर पट्ट्याच्या कडेचा लाल वळ उठला होता. काहीच होत नव्हतं. रात्री तीनला मी नवऱ्याला म्हटलं, सांग त्यांना, करून टाका सिझर. सिस्टरनी ऐकलं, त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. म्हणाल्या, "बाळाचे ठोके ऐक आधी." मशीनचा आवाज मोठा केला. टपटप टपटप, एका लयीत. "त्याला घाई नाहीये, तुला का?" सकाळी दहाला पाणमोट फुटली.

कळा वाढल्या तसं बीपी १५८ला गेलं. प्लेटलेट पुन्हा बघून पाठीतलं इंजेक्शन दिलं, एपिड्यूरल. मला ते कमीपणाचं वाटत होतं, पण वेदनेनेही बीपी चढतं आणि ते उतरायला याची मदत होते, हे भूलतज्ज्ञांनी नीट समजावलं. रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. दोन किलो तीनशे साठ. माझ्या फाईलवर लाल शाईत लिहिलं होतं, 'मेथर्जिन नको'. रक्तस्राव थांबवायला सर्रास देतात ते, पण त्याने बीपी भडकतं. तुमच्याही फाईलवर आहे का, बघा.

आता एक गोष्ट जी कुणीच विचारत नाही. बाळ झालं की सगळ्यांना वाटतं सुटलो. बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सगळ्यात वर जाऊ शकतं, म्हणजे नेमकी आपण घरी येतो तेव्हा. पाचव्या दिवशी पाचवी पुजायची गडबड, घरभर पाहुणे. मला सकाळपासून डोकं जड होतं. आई म्हणाली जागरणाचं असेल. मी पाच मिनिटं भिंतीला टेकून बसले, दंड छातीच्या उंचीवर उशीवर ठेवला, मशीन लावलं. १६२/१०४. पूजा तशीच ठेवून आम्ही निघालो. दोन दिवस पुन्हा भरती, औषध बदललं, मॅग्नेशियमही दिलं. ते शिरेतून जाताना आतून भाजल्यासारखं होतं, आणि सिस्टर हातोडीने गुडघा ठोकून बघत राहतात. पाय उडाला की पुढचा डोस.

डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, धाप. बाळंतपणाआधी असो की नंतर, यातलं काहीही झालं तर मला फोन करू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

सहा आठवड्यांच्या तपासणीला बीपी १२४/८० होतं, गोळ्या बंद झाल्या. डॉक्टरबाईंनी फाईलच्या शेवटच्या पानावर दोन ओळी लिहिल्या. पुढच्या वेळी बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिन. आणि बाळ असो नसो, दर वर्षी बीपी. पहिल्या ओळीचं अजून ठरलेलं नाही. दुसरीसाठी मी मुलीच्या वाढदिवसाच्या आठवड्यात जाते, या वर्षी ११८/७६ होतं.