लो विंड

ठोसेघरचा धबधबा बघून पर्यटक वर चाळकेवाडीच्या पठारावर आमच्या पवनचक्क्या बघायला येतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, "बाकीचे पंखे फिरतायत, मधला बंद का?" उत्तरही तेच देतात, "सबसिडी खाल्ली असणार." पूर्वी मी समजावत बसायचो. मशीन वाऱ्याकडे तोंड वळवत राहतं. एकाच बाजूला तीन-चार फेरे झाले की टॉवरमधल्या केबलला पीळ पडतो, मग ते आपलं आपण थांबून पीळ सोडवतं. कधी फीडर, म्हणजे आमची वीज वाहून नेणारी लाइन, ट्रिप होऊन बंद असतो. लाइनला वीज नसली की वारा कितीही असो, मशीन चालत नाही. आणि मोठा पार्ट गेला तर क्रेन लागते. ती पावसाळ्यात या चिखलातून वर येत नाही, म्हणून ऐन हंगामात मशीन दिवाळीची वाट बघत उभं. आता मी नुसतं "मेंटेनन्स" म्हणतो आणि पुढे जातो.

जुलैत थांबलेल्या एका मशीनबद्दल मात्र मला प्रश्नच पडला नव्हता. स्क्रीनवर एरर नाही. वारा सेकंदाला २.१ मीटर, मशीन वाऱ्याच्या प्रतीक्षेत. साडेतीनच्या खाली ते सुरूच होत नाही, तेव्हा लॉगबुकात "लो विंड" लिहायचं, विषय संपला. ब्रेकडाउनचा प्रत्येक तास मशीन चालू ठेवण्याच्या आमच्या टक्केवारीतून कापला जातो, वारा नसल्याचा नाही. त्यामुळे ही नोंद सगळ्यांनाच आवडते, साइट इंजिनिअरला जरा जास्तच.

चूक दाखवली ती गुरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्याने. धुक्यात पाती दिसत नव्हती. तो टॉवरच्या दाराच्या आडोशाला इरलं घेऊन बसला होता. म्हणाला, "अकरा दिस झालं, ह्याचा आवाज न्हाय. शेजारचा तर घुमतोय. ह्यालाच वारं लागंना व्हय?"

शेजारच्या मशीनचा आकडा बघितला. ११.८.

वारा मोजायचं अ‍ॅनिमोमीटर असतं नॅसेलच्या, म्हणजे टॉवरच्या टोकावरच्या मशीनघराच्या, छपरावर, आणि वारा १२ च्या वर असेल तर छपरावर पाय ठेवायचा नाही, हा आमचा नियम. मी साहित्य गोळा करेपर्यंत वारा चौदावर गेला. म्हणजे वारा मोजायचं यंत्र बदलायला वारा पडायची वाट बघा! दोन दिवस त्यात गेले. तिसऱ्या पहाटे तो नऊवर आला (शेजारच्याच मीटरवर, आमचं अजून दोनच म्हणत होतं), तेव्हा मी आणि जोडीदार ५० मीटरची शिडी चढलो. हॅच उघडून आधी हार्नेसचे दोन्ही हुक अडकवले, मग बाहेर.

मोसंबीच्या अर्ध्या फोडीएवढे तीन कप. नऊच्या वाऱ्यात ते गरगरायला हवेत. हे अर्धा फेरा घ्यायचे, अडकायचे, पुन्हा सरकायचे. बोटाने फिरवलं तर आत वाळू भरल्यासारखी खरखर. बेअरिंगमध्ये पाणी जाऊन गंज चढलेला. चार स्क्रू, एक प्लग, वीस मिनिटांचं काम. नवा नग आमच्याच स्टोअरच्या कपाटात पडून होता. खाली येऊन मशीन सोडलं. मिनिटभर ते ढिम्म उभं राहिलं, मग पाती कलली आणि वर धुक्यात तो घुमणारा आवाज सुरू झाला.

२३० किलोवॉटचं मशीन पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला साडेपाच हजार युनिट देतं. वर्षाची बहुतेक कमाई पावसाळ्याच्या याच चार महिन्यांत होते, त्यातले तेरा दिवस गेले. मी म्हटलं, या नोंदी बदलून मशीन फॉल्ट लिहू. इंजिनिअर म्हणाले, "मागचं उकरू नका, पुढचं बघा." नोंदी तशाच आहेत. त्यातल्या दोन माझ्या अक्षरात आहेत. दुसरी लिहिली त्या दिवशी ऑफिसबाहेर स्टँडवर लावलेली माझी मोटारसायकल वाऱ्याने आडवी झाली होती. मी ती उचलली, आत आलो आणि "लो विंड" लिहिलं.