पळून काढलेल्या ६२८

कल्याणच्या प्रणव धनावडेने जानेवारी २०१६ मध्ये शाळेच्या मॅचमध्ये एका डावात नाबाद १००९ धावा काढल्या तेव्हा सगळीकडे तीच बातमी होती, आणि त्या गडबडीत ज्याचा सगळ्यात मोठ्या स्कोअरचा रेकॉर्ड मोडला तो ए. ई. जे. कॉलिन्स बिचारा एका ओळीत आटोपला. मला मात्र तोच चिकटून बसलाय.

जन्म आपल्याकडचा, हजारीबागचा, वडील आयसीएसमध्ये, म्हणजे इंग्रज सरकारच्या वरच्या नोकरीत. पुढे आईवडील दोघंही गेले आणि पोरगं इंग्लंडात, ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेज शाळेत. जून १८९९, वय १३, शाळेतल्याच दोन हाऊसची ज्युनियर मॅच, म्हणजे कोणी ढुंकून बघू नये अशी. त्यात हा ओपनिंगला आला आणि चार दुपारी मिळून ६ तास ५० मिनिटं बॅटिंग करून ६२८ नाबाद राहिला! आधीचा सगळ्यात मोठा स्कोअर इंग्लंडच्या स्टॉडार्टचा ४८५, तो मागे पडल्यावर पेपरवालेसुद्धा जागे झाले.

स्कोअरकार्ड वाचताना मजा येते. सिक्स फक्त १, फोर ३१, पण दोन-दोन धावा १४६ वेळा आणि सिंगल ८७. ग्राउंड चमत्कारिक होतं, जवळच्या बाजूला बॉल बाहेर गेला तरी दोनच मिळायच्या आणि उताराकडे मारला की सगळ्या पळूनच काढायच्या, त्यामुळे पोरगं जाम पळालं असणार. एवढं करून दोन्ही डावांत मिळून ११ विकेटपण घेतल्या, हे म्हणजे अतीच झालं. स्कोअररने नंतर म्हणे सांगितलं की ६२८ म्हणजे वीसेक इकडेतिकडे धरा. मला हा स्कोअरर फार आवडतो.

आणि पुढे? काहीच नाही! आज असं पोरगं सापडलं तर त्याला सुखाने झोपू देणार नाहीत, अकॅडमी, स्पॉन्सर, मुलाखती. कॉलिन्स सरळ आर्मीत गेला, रॉयल इंजिनियर्समध्ये, जमेल तेव्हा खेळला, फर्स्ट क्लास, म्हणजे वरच्या दर्जाची मॅच एकही नाही. अमॅच्युअर, म्हणजे हौशी माणसाचं तेव्हा असंच असायचं, नोकरी आधी, क्रिकेट रजा मिळाली तर. १९१३ साली लॉर्ड्सवर रॉयल आर्टिलरीविरुद्ध खेळला, ५८ आणि ३६. पुढच्याच वर्षी लग्न केलं, पहिलं महायुद्ध लागलं आणि ११ नोव्हेंबर १९१४ ला बेल्जियममध्ये ईप्रजवळ मारला गेला, वय २९.

खरं सांगू, ६२८ पेक्षा मला ते लॉर्ड्सवरचे ५८ बघायला आवडले असते. तिथे तरी फोरला फोर मिळाले असतील.