आज किती टोपल्या?

दुपारी वाळलेले कपडे आवरत होते. पायमोज्यांची एक जोडी गुंडाळून तिचा चेंडू केला आणि कोपऱ्यातल्या कपड्यांच्या टोपलीकडं फेकला. काठाला लागला, काठावर जरा विचार करत बसला आणि बाहेर पडला. मी "शी!" केलं ते इतक्या जोरात, की आतल्या खोलीतून नवऱ्यानं विचारलं, "दूध उतू गेलं का?"

ही माझी खोड जुनी आहे. कोथिंबिरीचे देठ, संत्र्याची साल, एटीएमची पावती, काहीही उठून नेऊन टाकायचं म्हणजे मला कमीपणा वाटतो. नवरा म्हणतो, "उठून टाकायला काय होतं?" त्याचा सगळा खेळ कॅरमपुरता. बसल्या जागी चार कोपऱ्यांत चार भोकं असलेल्या माणसाला काय सांगायचं?

खरं तर ज्या खेळातून ही खोड लागली त्या बास्केटबॉलचा जन्मच असल्या टोपलीतून झालाय. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामाच्या मास्तरांनी शिपायाकडं दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच या फळाच्या टोपल्या होत्या. त्याच गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही जगभर रिंग दहा फुटांवर. टोपल्यांना बूड होतं, त्यामुळं चेंडू आत पडला की काढायला कुणीतरी वर चढायचं. हेच जर आमच्या तासगावात घडलं असतं तर द्राक्षाच्या क्रेटी ठोकल्या असत्या, आणि सांगलीच्या पेठेत घडलं असतं तर हळदीचं पोतं. चेंडू पिवळाच झाला असता.

मी १९९२ साली कॉलेजच्या टीममध्ये होते. टीममध्ये होते, याचा अर्थ खेळत होते असा नाही. बारा जणींची टीम, आणि बनियनवर नंबर चार ते पंधरा. चारपासून अशासाठी, की एक-दोन-तीन ही बोटं पंच पॉइंटसाठी दाखवतात, गोंधळ नको. चार नंबर कॅप्टनचा. पंधरा माझा. माझ्यापुढं फक्त पाण्याची घागर होती.

सीझन म्हणजे पावसाळा सरता सरता. चार महिने कोर्टवर माणूस फिरकलेला नसायचा. सिमेंटवर असं हिरवंगार शेवाळ धरायचं की ड्रिबल करायला, म्हणजे चेंडू आपटत न्यायला, गेलेली पोरगी चेंडूच्या आधी बोर्डाखाली पोचायची. मग सर सगळ्यांच्या हातात खराटे द्यायचे. दोन दिवस ब्लीचिंग पावडर टाकून घासायचं, तिसऱ्या दिवशी चुन्यानं पट्टे मारायचे. तेव्हा रिंगखालची जागा समलंब चौकोनी असायची, ती आखताना दरवर्षी भांडण. एक बाजू हमखास तिरकी यायची आणि त्यावर भूमितीतले मार्क निघायचे. (२०१० पासून तिथं साधा आयत आला. आता भांडायला काय उरलं असेल कुणास ठाऊक.) चेंडू एकच होता, पुरुषांचा, सात नंबरचा. परवा भाचीचा सहा नंबरचा चेंडू हातात घेतला, घेराला इंचभर लहान, वजनालाही हलका. हातात असा बसला की मला उगाच राग आला. तिच्या मोबाइलवर आपल्या पुण्याच्या, भारताची कॅप्टन झालेल्या शिरीन लिमयेचा फोटो आहे. आमच्या भिंतीवर गणपतीचा होता.

शिवाजी विद्यापीठाचे तीन झोन, कोल्हापूर, सांगली, सातारा. आधी झोनल, मग जिंकलो तर इंटरझोनल. मॅचच्या दिवशी माझं काम वही. कॉमर्सची पोरगी, अक्षर बरं, म्हणून सरांनी पहिल्याच दिवशी हातात दोनशे पानी दिली. वही छापील स्कोअरशीटसारखी आखायची. बास्केट झाला की आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल रेषेवरून मिळणारा मोकळा फेका, आत गेला की भरीव टिंब, कुणाचे फाउल किती ते शेजारी. वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ मी मान खाली घालून काढायचे. आमच्या चार नंबरनं मारलेला एकेक ले-अप, धावत घुसून रिंगजवळ उडी मारून टाकलेला चेंडू, मी रेघ म्हणून पाहिलाय.

पोरींच्या खेळाला बेंचची तशी सवयच आहे म्हणा. नेस्मिथ मास्तरांनी टोपल्या ठोकल्या त्याच्या पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या बाईंनी स्मिथ कॉलेजात मुलींना हा खेळ शिकवला. पोरींना दमणूक नको म्हणून त्यांनी कोर्टाचे तीन भाग केले, आपला भाग सोडून कुणी पलीकडं जायचं नाही. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं बास्केटबॉल १९३६ ला आलं, बायकांचं १९७६ ला. चाळीस वर्षं बाहेर बसून वही लिहिणं झालं ते! त्या मानानं माझा एक सीझन काहीच नाही.

पण हे आज्जीला कोण सांगणार?

पहिल्या झोनल मॅचवरून घरी आले तेव्हा आज्जी स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. तिला या खेळातलं एवढंच ठाऊक, की चेंडू टोपलीत टाकायचा असतो. "आज किती टोपल्या?" तिनं विचारलं. तिच्या तोंडाकडं बघून "मी बसून होते" असं काही म्हणवेना. म्हटलं, "तीन." आज्जी उठली, पदराला हात पुसले आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या दिवसाच्या चौकटीत, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिलं, "टो. ३".

त्या दिवसापासून माझ्याकडं दोन हिशोब सुरू झाले. वहीतला चोख. पेन्सिलीनं, खाडाखोड न करता. आणि कालनिर्णयातला माझा. खोटं बोलायचं तर बेताचं बोलावं, ही अकाउंट्स शिकल्याची शिस्त. कधी दोन, कधी तीन. मिरजेला हरलो त्या दिवशी एकच सांगितली, हरलेल्या टीममधली पोरगी तीन टोपल्या कशी टाकेल? सहा मॅचमध्ये मी तेरा टोपल्या टाकल्या होत्या. आज्जी शेजारच्या काकूंना आकडा सांगायची, आणि काकू जाता-येता माझ्या दंडाकडं बघायच्या.

इंटरझोनल साताऱ्याला होती. पहाटे पाचची एसटी, आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, कऱ्हाड. बाराजणींत मिळून भडंगाची एक मोठी पिशवी, ती कऱ्हाडच्या आधीच संपली. साताऱ्यात उतरलो तर ही थंडी, आणि कोर्टवर दव. पोती टाकून पुसलं तरी ओलसरच. एका रिंगच्या मागं अजिंक्यतारा दिसायचा. आमची चार नंबर म्हणाली, "दुसऱ्या हाफला तिकडं मारायचंय, किल्ला बघून नेम धरायचा." ती असं काहीबाही बोलायची. पहिल्या मॅचला बोलायची आणि दुसरीला विसरायची.

सेमीफायनल. दुसऱ्या हाफची शेवटची काही मिनिटं, आम्ही दहा-बारा पॉइंटनी मागं. आमच्या दोघी पाच फाउल होऊन बाहेर, एक तापानं फणफणलेली, दोघी दमून बेंचवर आडव्या. चार नंबर चेंडू घेऊन घुसली, उडाली, हवेत समोरचीचा धक्का लागला, आणि ती एका पायावर उतरली. डावा गुडघा आत वळला. आवाज मला बेंचवर ऐकू आला. सुकलेली काटकी मोडावी तसा, बारीक. शिट्टी झाली. शूट करताना फाउल, दोन फ्री थ्रो.

तिला उठता येईना.

नियम असा आहे, की जिच्यावर फाउल झाला तिनंच फ्री थ्रो मारायचे. पण दुखापतीनं तिला बाहेर जावं लागलं तर तिच्या जागी जी येईल तिनं मारायचे. सरांनी बेंचकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "पंधरा, ऊठ."

माझ्या कानावर पेन्सिल होती. ती तशीच घेऊन मी आत गेले, पंचांनी काढून घेतली. रेषेवर उभी राहिले. समोर किल्ला होता. पाच सेकंदांत मारावं लागतं, एवढं आठवत होतं. पहिला रिंगला लागून बाहेर. दुसरा बोर्डाला अशा ठिकाणी लागला जिथं शहाणं माणूस नेम धरत नाही, आणि आत गेला. आमच्या बेंचवर कुणी टाळी वाजवली नाही, सगळ्या तिच्याभोवती होत्या. मॅच आम्ही अकरा पॉइंटनी हरलो. संपल्यावर वही उघडली तर ती मी जिथं सोडली होती तिथंच होती, मधलं कुणी लिहिलंच नव्हतं. आठवून आठवून भरलं. पंधरा नंबरपुढं एक भरीव टिंब मी माझ्याच हातानं केलं.

येताना सगळ्यांनी कंदी पेढे घेतले. ती एसटीत मागच्या लांब सीटवर पाय पसरून होती. सर म्हणाले, मुरगळलाय. सांगलीत मुरगळलं, सुजलं, कापलं, सगळ्याला औषध एकच, हळद. तिच्या गुडघ्यावर आंबेहळदीचे लेप झाले, क्रेप बँडेज झालं, पंधरा दिवसांची विश्रांती झाली. उडी मारून उतरताना गुडघ्यातलं लिगामेंट तुटतं, आणि बायकांचं पुरुषांपेक्षा जास्त वेळा तुटतं, हे मला बऱ्याच वर्षांनी एका फिजिओथेरपिस्टच्या पाटीखाली बसून वाचायला मिळालं. ती पुन्हा खेळली नाही. न खेळण्याचं कारण कुणी विचारलंही नाही. पोरी तशाही कॉलेज संपलं की खेळणं सोडायच्याच.

रात्री घरी पोचले. आज्जी जागी होती. "आज किती टोपल्या?"

"एक."

सबंध सीझनमध्ये मी तिला सांगितलेला पहिला खरा आकडा. आज्जीचा चेहरा उतरला. "एकच?" म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "असू दे. दमली असशील," आणि कालनिर्णयात लिहिलं, "टो. १". वर्ष संपल्यावर तिनं ती पानं नेहमीप्रमाणं आमच्या वह्यांना कव्हर घालायला वापरली. त्यातलं एक माझ्या अकाउंट्सच्या वहीला आलं, आकडे आतल्या बाजूला.

चार नंबर गेल्या वर्षी भेटली. कृष्णेच्या घाटावर, संध्याकाळी, आयर्विन पुलावरचे दिवे लागत होते. दोघी खाली पाण्यापर्यंत जाऊन वर येत होतो. ती चढताना आधी उजवा पाय टाकते, मग डावा त्याच पायरीवर आणते. कुणाच्या लक्षात येणार नाही असं, सहज. मध्येच मी विचारून टाकलं, "साताऱ्याचा तो एक पॉइंट तुझा धरायचा का माझा गं?"

"कुठला पॉइंट?" ती म्हणाली, आणि कठड्याला धरून पुढच्या पायरीवर उजवा पाय ठेवला.