टॅबलेट की लॅपटॉप? पहिल्या मिनिटाचे आकडे सोडा, विसाव्या मिनिटाचे बघा

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलने एम१ चिप मॅकबुक एअरमध्ये घातली आणि पुढच्याच एप्रिलमध्ये तीच चिप आयपॅड प्रोमध्ये आली. २०२४ च्या मे महिन्यात तर उलटंच झालं. एम४ आधी आयपॅड प्रोला मिळाली, मॅकचा नंबर नंतर लागला. म्हणजे ‘टॅबलेटचा प्रोसेसर कमजोर असतो’ हे किमान वरच्या श्रेणीतल्या टॅबलेटबद्दल आता म्हणता येत नाही. तरीही चिप एकच असलेली दोन यंत्रं सारखं काम देत नाहीत. उष्णता कशी बाहेर पडते, मेमरी कोण कशी वाटतं आणि फाइल कुठल्या वाटेने आत-बाहेर करते, या तीन ठिकाणी पाणी मुरतं. जाहिरातीत मात्र फक्त चिपचं नाव असतं.

सुरुवात उष्णतेपासून करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

चिप जितके वॉट खाते, ते जवळपास सगळे उष्णता होऊन बाहेर पडतात. १३ इंची एम४ आयपॅड प्रो ५.१ मिलिमीटर जाड आहे आणि त्यात पंखा नाही. उष्णता जाणार ती धातूच्या पाठीतून. बरं, टॅबलेट हातात धरायचा असतो. पाठ पंचेचाळीस अंशांच्या आसपास गेली की ती धरवत नाही, म्हणून चिपला स्वतःला आणखी तापणं चाललं असतं तरी सॉफ्टवेअर आधीच लगाम खेचतं. टेबलावरच्या लॅपटॉपला इतकं बंधन नसतं. पंखा असेल तर तो १५, २८, ४५ वॉट सतत बाहेर फेकत राहतो. बिनपंख्याच्या पातळ टॅबलेटला एक आकडी वॉटमध्येच भागवावं लागतं.

यात दिलासा एवढाच की वेग आणि वॉट यांचं गणित सरळ नाही. चिप जास्त क्लॉकवर (ठोक्यांच्या वेगावर) पळवायची तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून क्लॉक थोडासा खाली आणला तरी विजेची बचत मोठी होते. टॅबलेट तापला म्हणजे निम्म्यावर आला असं नाही. बहुतेक चांगले टॅबलेट दमले तरी बऱ्यापैकी चालत राहतात. गेम किंवा थ्रीडी रेंडरसारख्या ग्राफिक्सच्या कामात मात्र घसरण जास्त दिसते.

आता बेंचमार्क, म्हणजे यंत्राचा वेग मोजणाऱ्या चाचण्या. गीकबेंच हे त्यातलं एक ॲप सगळ्या प्रणालींवर चालतं, त्यामुळे तुलनेला सोयीचं, पण त्याच्या चाचण्या छोट्या असतात आणि मध्ये विश्रांतीही असते. चिप पुरती तापायच्या आत परीक्षा संपलेली असते. ॲप उघडायला किती वेळ लागेल, वेबपान किती पटकन दिसेल, फोटोवर एखादा फिल्टर कसा बसेल, याचा अंदाज त्यावरून नीट येतो. एक तासाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला किती वेळ लागेल याचा येत नाही. दुकानात यंत्र दोन मिनिटं हाताळून होणारं मतही याच जातीचं.

लांब कामाचा अंदाज हवा तर थ्रीडीमार्क या ग्राफिक्स मोजणाऱ्या ॲपमधली ‘वाइल्ड लाइफ एक्स्ट्रीम’ स्ट्रेस टेस्ट लावावी. ती एकच दृश्य लागोपाठ वीस वेळा चालवते, साधारण वीस मिनिटं, आणि शेवटी सर्वांत चांगल्या व सर्वांत वाईट फेरीचा स्कोअर सांगते. समजा चांगली फेरी ८००० आणि वाईट ५२००, तर स्थिरता ६५ टक्के. टॅबलेटच्या बाबतीत ५२०० हाच खरा आकडा मानायचा, ८००० जाहिरातीसाठी. कव्हर काढलेलं हवं, ब्राइटनेस दोन्ही यंत्रांवर सारखा, बॅटरी ८० टक्क्यांच्या वर पण चार्जर काढलेला, विमान मोड चालू, यंत्र कडक टेबलावर. मग तीच चाचणी लगेच दुसऱ्यांदा लावायची, थंड होऊ न देता. दुसऱ्या खेपेचा निकाल हा रोजच्या कामाच्या जास्त जवळचा असतो. लॅपटॉपवर ही चाचणी चार्जर लावून आणि चार्जर काढून, दोन्ही प्रकारे करा. कित्येक विंडोज लॅपटॉप बॅटरीवर गेले की वॉटची मर्यादा गुपचूप खाली आणतात आणि निकाल धाडकन पडतो. टॅबलेटमध्ये हा फरक नगण्य असतो. प्रवासात काम करणाऱ्याने लॅपटॉपचा चार्जरवरचा स्कोअर बघून भुलू नये.

लॅपटॉप कंपन्यांचीही एक खोड आहे. इंटेल कोअर आय५-१२३५यू या चिपचा मूळ आकडा १५ वॉट, पण टर्बोत (थोडा वेळ जास्त जोर लावताना) ती ५५ वॉटपर्यंत जाऊ शकते. सुरुवातीचे काही सेकंद ती उधळते, मग कंपनीने ठरवलेल्या दीर्घ मर्यादेवर येऊन बसते. ही मर्यादा कुठे १५, कुठे २०, कुठे २५ वॉट असते आणि ती खोक्यावर छापलेली नसते. त्यामुळे एकाच चिपचे दोन लॅपटॉप दहाव्या मिनिटाला वेगळे वागतात. कुठला कसा वागतो ते बघायचं तर सिनेबेंच आर२३ हे प्रोसेसर राबवणारं ॲप दहा मिनिटांच्या चाचणीवर लावा आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो (यंत्राच्या आतले आकडे दाखवणारं ॲप) उघडून ‘सीपीयू पॅकेज पॉवर’चा आकडा स्थिर कुठे होतो ते पाहा. तो आकडा म्हणजे त्या लॅपटॉपची खरी ऐपत.

मेमरीचा कारभार

इथे टॅबलेट आणि लॅपटॉप यांचा स्वभावच वेगळा आहे. विंडोज किंवा मॅकओएसवर रॅम भरली की जुना मजकूर स्टोरेजवर उतरवतात, ज्याला स्वॅप म्हणतात. काम मंदावतं, पण प्रोग्राम जिवंत राहतो. अँड्रॉइड आणि आयपॅडओएस मागे पडलेलं ॲप सरळ बंद करतात. ब्राउझरमध्ये दुसऱ्या टॅबवर जाऊन परत आलं की पान नव्याने लोड होतं, अर्धवट भरलेला फॉर्म उडतो, तो याचमुळे. प्रोसेसर कितीही वेगवान असो, पान पुन्हा उतरवायला इंटरनेटइतकाच वेळ लागणार.

चित्रकलेच्या ॲपमध्ये थरांची (लेयरची) मर्यादा का असते, तेही इथेच कळतं. ८००० गुणिले ८००० पिक्सेलचा कॅनव्हास घ्या. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर एका थराला २५६ मेगाबाइट लागतात. वीस थर म्हणजे पाच गिगाबाइटच्या वर. ॲपला माहीत असतं की रॅम संपली तर प्रणाली आपल्याला उडवणार, म्हणून ते आधीच ‘आता नवा थर मिळणार नाही’ असं सांगून मोकळं होतं. एम१ आयपॅड प्रो १६ गिगाबाइट रॅमसह आला तेव्हा एका ॲपला जेमतेम ५ गिगाबाइट वापरता येत होते. आयपॅडओएस १५ मध्ये ॲपला जास्त मेमरी मागायची सोय झाली आणि २०२२ च्या आयपॅडओएस १६ मध्ये निवडक मॉडेलवर स्वॅपही आला. लॅपटॉपवर फोटोशॉप असे जास्तीचे थर स्क्रॅच डिस्कवर (स्टोरेजवरच्या तात्पुरत्या जागेत) टाकतं. हळू होतं, पण नाही म्हणत नाही.

आयपॅड प्रो घेताना आणखी एक मेख आहे. एम४ मॉडेलमध्ये २५६ आणि ५१२ गिगाबाइट स्टोरेजला ८ गिगाबाइट रॅम आणि ९ कोअरचा (गणित करणाऱ्या ९ भागांचा) सीपीयू, म्हणजे मुख्य प्रोसेसर, मिळतो. १ आणि २ टेराबाइटला १६ गिगाबाइट आणि १० कोअर. म्हणजे स्टोरेज निवडताना तुम्ही नकळत प्रोसेसरही निवडता.

अँड्रॉइड टॅबलेटवर ‘४+४ जीबी रॅम’ असं लिहिलेलं दिसलं तर दुसरे चार विसरून जा. ती स्टोरेजवरची जागा असते. आणि स्वस्त टॅबलेटमध्ये ते स्टोरेज ईएमएमसी (फ्लॅश मेमरीचा मंद प्रकार) असेल तर त्याचा उपयोग कमी आणि मनस्ताप जास्त.

स्टोरेजचं म्हणाल तर ईएमएमसी ५.१ चा मार्गच सेकंदाला ४०० मेगाबाइटचा, आणि त्यात वाचणं आणि लिहिणं एकाच वेळी होत नाही. यूएफएस ३.१ (चांगल्या टॅबलेटमधलं स्टोरेज) सलग वाचनात २००० मेगाबाइटच्या आसपास जातं. चौथ्या पिढीचा एनव्हीएमई एसएसडी (लॅपटॉपमधलं वेगवान स्टोरेज) ७००० पर्यंत. हे फरक मोठी फाइल उचलताना दिसतात. रोजच्या वापरात जाणवतो तो छोट्या-छोट्या विखुरलेल्या वाचन-लेखनाचा वेग, आणि ईएमएमसी तिथेच आडवी होते. म्हणूनच सेलेरॉन एन४०२० (दोनच कोअरचा प्रोसेसर), ४ गिगाबाइट रॅम आणि ६४ गिगाबाइट ईएमएमसी असलेला लॅपटॉप कुठल्याही बऱ्या मध्यम टॅबलेटपुढे मान टाकतो. कागदोपत्री विंडोज ११ ची किमान अट ४ गिगाबाइट रॅम आणि ६४ गिगाबाइट स्टोरेज अशीच आहे, हा भाग वेगळा! अशा यंत्रावर टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्क बघा. अपडेट चालू असताना ती १०० टक्क्यांवर खिळलेली असेल आणि सीपीयू मात्र निवांत. लॅपटॉपचा आकार आहे म्हणून लॅपटॉपची ताकद असेल असं मानणाऱ्यांची फसगत होते ती इथे.

फाइलची वाट

दहाव्या पिढीच्या साध्या आयपॅडला यूएसबी-सी आहे, पण आतला वेग यूएसबी २ चा, सेकंदाला ४८० मेगाबिट (आठ बिट म्हणजे एक बाइट). प्रत्यक्षात सेकंदाला ३५ मेगाबाइट मिळाले तरी पुष्कळ. ६४ गिगाबाइटचं भरलेलं कार्ड उतरवायला अर्धा तास. आयपॅड प्रोच्या थंडरबोल्ट पोर्टला ४० गिगाबिटची वाट आहे. तिथे अडतं ते कार्ड, पोर्ट नव्हे. पोर्टचा आकार पाहून वेग कळत नाही, तपशीलाच्या पानावर ‘यूएसबी २’ की ‘३’ ते वाचावंच लागतं.

शिवाय टॅबलेटवर प्रत्येक ॲपचं घर वेगळं. कित्येक एडिटिंग ॲप्स व्हिडिओ आपल्याकडे कॉपी करून घेतात, म्हणजे ४० गिगाबाइटचं शूटिंग ८० गिगाबाइट जागा खातं. जागा काठोकाठ भरली की फ्लॅश मेमरी लिहिताना मंदावते. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी असू द्यावी. हे लॅपटॉपलाही लागू आहे.

टॅबलेट कुठे खरोखर पुढे आहे? पेन. ॲपल पेन्सिलचा विलंब २०१९ मध्ये आयपॅडओएस १३ बरोबर २० वरून ९ मिलिसेकंदांवर आला. व्हिडिओ कापणं-जोडणंही टॅबलेटवर अपेक्षेपेक्षा बरंच वेगात होतं, कारण एच.२६४ आणि एचईव्हीसी या व्हिडिओ साठवायच्या पद्धतींसाठी चिपमध्ये स्वतंत्र यंत्रणा असते आणि सीपीयूला फारसा घाम गाळावा लागत नाही. जुना लॅपटॉप तेच काम सीपीयूवर करत असेल तर मागे पडणारच. फक्त रंगसुधारणा, नॉइज काढणं, थरावर थर असं सुरू झालं की काम ग्राफिक्सकडे जातं, टॅबलेट तापतो आणि आघाडी ओसरते.

काही कामांत मात्र वेगाचा प्रश्नच येत नाही, कारण काम होतच नाही. आयपॅडवरच्या एक्सेलमध्ये व्हीबीए मॅक्रो (कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) चालत नाहीत. ॲप स्टोअरच्या ॲप्सना चालता-चालता यंत्रसंकेत (प्रोसेसरला थेट कळणाऱ्या सूचना) तयार करायची, म्हणजे जेआयटीची, परवानगी नसते. त्यामुळे आयपॅडवर आभासी संगणक (ॲपच्या आत चालणारी दुसरी प्रणाली) चालवला तर एम४ सुद्धा रडतखडत चालते. ऑफिसचं काम मॅक्रोवर चालत असेल तर पुढची सगळी तुलना व्यर्थ, लॅपटॉप घ्या.

काढता येणारा कीबोर्ड असलेले विंडोज टॅबलेट मधल्या जागेत बसतात. सॉफ्टवेअर लॅपटॉपचं, शरीर टॅबलेटचं. एकाच नावाखाली दोन स्वभाव निघतात: मायक्रोसॉफ्टच्या २०१९ च्या सरफेस प्रो ७ मध्ये आय३ आणि आय५ प्रोसेसरला पंखा नव्हता, आय७ ला होता. तपशीलात पंखा शोधायचा तो यासाठी. एक फायदा या प्रकाराला नक्की आहे. प्रोसेसर स्क्रीनमागे उभा असतो, त्यामुळे पाठ मोकळ्या हवेत राहते. लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची जाळी बंद होते आणि पंखा असून नसल्यासारखा.

जड काम टॅबलेटवरच करायचं असेल तर पाठीचं जाड कव्हर काढा आणि एक्स्पोर्टच्या वेळी चार्जिंग टाळा, कारण चार्ज होणारी बॅटरी स्वतःची उष्णता त्यात मिसळते. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेला आहे. त्यावर गेला की आधी स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबू शकतं. एक्स्पोर्ट चालू असताना ॲप बदलू नका. आयपॅडओएस २६ मध्ये अशी कामं पार्श्वभूमीत चालू ठेवायची सोय आली आहे, पण ॲपने ती वापरलेली असली तरच. आणि फोर-केचं संपादन अडखळत असेल तर मूळ फाइलींऐवजी १०८० च्या प्रॉक्सी (हलक्या प्रती) बनवून त्यांवर काम करा. पिक्सेल एक चतुर्थांश होतात. शेवटच्या एक्स्पोर्टला ॲप मूळ फाइल उचलतं, म्हणून त्या फाइलींचं नाव किंवा जागा मधल्या काळात बदलायची नाही.