सिंगल ब्लॉक

"अगं, संकेश् हे कुठलं गाव काढलंस?"

ट्रान्सपोर्टवाल्या काकांचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. बाहेर बेळगावचा जुलै, म्हणजे चार दिवस सूर्य नाही आणि दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नाहीत. काकांच्या लॉऱ्या रोज रात्री बेळगावहून हायवेने संकेश्वर, निपाणी करत कोल्हापूरकडे जातात आणि एक गाडी खानापूरच्या बाजूला. प्रत्येक बॉक्सवर एक स्टिकर असतो. त्यावर घेणाऱ्याचं नाव बारीक आणि गावाचं नाव मोठ्या टायपात, कारण हमाल गाव बघूनच माल लावतात. त्या रात्री संकेश्वरच्या मालावर "संकेश्" आणि खानापूरच्या मालावर "खानापू" छापून आलं होतं. निपाणी, चिकोडी, बेळगाव मात्र एकदम ठणठणीत.

दूध उतू गेलं, ते वेगळं.

हे सॉफ्टवेअर माझंच. २०१५ साली इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष संपता संपता, बाबांच्या ओळखीने, जावा भाषेत लिहिलेलं. मग मी पुण्याला नोकरीला गेले, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अनगोळच्या घरी परत आले आणि अजून इथूनच काम करते. काकांचं सॉफ्टवेअर दरम्यान चालतच राहिलं. तेव्हा गावांची नावं इंग्रजीत होती. हमालांना मराठी बरं पडेल म्हणून गेल्या महिन्यात मी ती देवनागरीत केली, तीन गावांवर तपासून बघितली आणि दिली पाठवून.

बग कसा सापडला ते सांगतेच, पण त्याआधी थोडं मागे जायला हवं. लोक मला विचारतात की तू कुठला आयडीई, म्हणजे कोड लिहायचं-चालवायचं सॉफ्टवेअर, वापरतेस, कुठला चांगला. माझं उत्तर दरवेळी त्यांना निराश करतं. कुठलाही वापरा, पण त्यातला डीबगर, म्हणजे प्रोग्राम एकेक ओळ थांबवत बघायची सोय, वापरा. बाकीचं सगळं मला तोंडी लावणं वाटतं.

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात, पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, एकदम सायन्स आणि सगळं इंग्रजीत. कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये टर्बो सी प्लस प्लस. निळा स्क्रीन, वर करड्या रंगाची पट्टी, माऊस असून नसल्यासारखा. बोर्लंड कंपनीने टर्बो सी पहिल्यांदा काढलं १९८७ मध्ये. म्हणजे २०१० साली आम्ही आमच्या जन्माआधीच्या घराण्यातलं हत्यार घासत होतो. तेव्हा ते ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर काही बिघडलंही नाही. लिहिणं, कंपाईल करणं, चालवणं, चूक दाखवणं सगळं एकाच खिडकीत, हे टर्बो सीमध्येच पुरतं होतं. लॅबच्या सरांनी फळ्यावर तीन ओळी लिहून दिल्या होत्या: एफ-२ म्हणजे सेव्ह, अल्ट आणि एफ-९ म्हणजे कंपाईल, कंट्रोल आणि एफ-९ म्हणजे रन. उत्तर दिसलं नाही तर अल्ट आणि एफ-५. याच्या पलीकडे जायचं नाही.

मी एकदा चुकून नुसता एफ-७ दाबला. मुख्य फंक्शनच्या ओळीवर एक रंगीत पट्टी येऊन बसली. पुन्हा दाबला, ती खाली सरकली. पुन्हा दाबला, आणखी खाली. मला वाटलं, मशीन बिघडवलं मी. शेजारच्या मैत्रिणीने तर खुर्चीच मागे ओढली. मी घाईघाईने सगळं बंद केलं आणि सरांना काही सांगितलं नाही.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. बाबा उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये. सुरुवात साध्या लेथवर, नंतर सीएनसीवर सेटर. हातपाय धुवून चहा घेत त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मग बिघडलंय काय की त्यात? सिंगल ब्लॉकवर टाकलीस तू."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सीएनसी मशीनचा प्रोग्राम ओळीओळीचा असतो. एका ओळीत टूलने कुठं जायचं, किती वेगाने जायचं. त्या एका ओळीला ब्लॉक म्हणतात. ऑटोवर टाकलं की मशीन सगळे ब्लॉक एका दमात चालवतं. सिंगल ब्लॉकचं बटण लावलं की एक ब्लॉक चालवून थांबतं, पुढच्यासाठी पुन्हा सायकल स्टार्ट दाबायचं. नवीन प्रोग्राम असला की बाबा कधी सरळ ऑटोला टाकत नाहीत. एक बोट बटणावर, डोळा टूलच्या टोकावर, आणि स्क्रीनवर अजून किती अंतर जायचंय तो आकडा. ऑफसेट टाकताना मायनसचं चिन्ह राहिलं तर टूल सरळ चकवर, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्यावर, जाऊन आदळतं. त्यांच्या शॉपमध्ये एकदा तसं झालं होतं. त्या दिवशी कुणी डबा खाल्ला नव्हता, असं आई अजून सांगते.

तर माझ्यासाठी एफ-७ म्हणजे तेव्हापासून सिंगल ब्लॉक. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी मुद्दाम दाबला. कंट्रोल आणि एफ-७ ने खाली एक खिडकी उघडते, तिथं व्हेरिएबलचं नाव टाकलं की त्याची किंमत बदलताना दिसते, हेही तिथंच सापडलं. फॅक्टोरियलचा प्रोग्राम वर्गातल्या सगळ्यांनी पाठ केला होता. मी तो एक, दोन, सहा, चोवीस असा वाढताना बघितला. आठच्या फॅक्टोरियलला उत्तर मायनस आलं, आणि ते नेमकं कुठल्या फेरीला उलटतं तेही दिसलं. त्या कंपायलरचा इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा डबा, सोळा बिटांचा, ३२७६७ च्या वर जागा नाही. सातचा ५०४० बसतो, आठचा ४०३२० नाही बसत. हे कुणी शिकवलं असतं तर मी परीक्षेपुरतं लिहून विसरले असते.

इंजिनिअरिंगला एक्लिप्स हा आयडीई. २०१२ चं जूनो नावाचं व्हर्जन आणि माझा दोन जीबी रॅमचा सेकंडहँड लॅपटॉप. सुरू करून अंगण झाडून यायचं. त्यात बॅटरी मेलेली आणि आमच्या गल्लीत करंट गेला की लॅपटॉपही गेला. एकदा करंट आल्यावर उघडलं तर डाव्या बाजूची प्रोजेक्टची यादी कोरी. मी रडायचीच बाकी होते. मग कळलं की फायली डिस्कवर जागच्या जागी आहेत, एक्लिप्सने फक्त स्वतःची नोंदवही खराब करून घेतलीय. पुन्हा इम्पोर्ट केलं, आलं सगळं. कोड वेगळा आणि आयडीईची त्याच्याबद्दलची आठवण वेगळी, हा धडा मात्र पक्का बसला.

पण एक्लिप्सचं एक ऋण मानायलाच हवं. मराठी माध्यमाच्या पोरीला स्पेलिंगची जी धास्ती असते ती त्याने घालवली. लेंग्थमध्ये टी आधी की एच आधी, हे मला कधीच ठामपणे आलं नाही. कंट्रोल आणि स्पेस दाबलं की यादी समोर. पहिली तीन अक्षरं बरोबर आली की पुरे. याची दुसरी बाजूही आहे. रिसिव्ह शब्दात मी ई आणि आय उलटे लिहून एक व्हेरिएबल केलं आणि एक्लिप्सने ते चुकीचं स्पेलिंग इमानेइतबारे चाळीस ठिकाणी पुरवलं. पुण्याच्या ऑफिसात पहिल्याच कोड रिव्ह्यूला सगळ्यांसमोर ते निघालं. तिथंच रिनेम नावाची सोय शिकले, चाळीसही ठिकाणं एका दमात सुधारली आणि कानाच्या पाळ्या गार व्हायला मात्र दोन दिवस लागले.

पुण्यात दोन वर्षांनी इंटेलिजे घेतलं. एक्लिप्समध्ये ओळ ओलांडायला एफ-६ आणि आत शिरायला एफ-५. इंटेलिजेमध्ये एफ-८ आणि एफ-७. टर्बो सीमध्ये होते तेच! बोटांना माहेरी आल्यासारखं झालं. बाकी इंटेलिजे हुशार आहे, पण उघडल्यावर इंडेक्सिंग करत बसतं तेव्हा आमच्या घराचा लॅपटॉप पिठाच्या गिरणीसारखा आवाज करतो. व्हीएस कोडही आहे माझ्याकडे, छोट्या कामांना उत्तम, २०१५ ला आलं आणि बघता बघता सगळीकडे पसरलं. त्याच्यावर यापेक्षा जास्त लिहावं असं माझ्याकडे काही नाही.

आता संकेश्.

मागच्या गल्लीतला एक पोरगा बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, माझ्याकडे शिकायला येतो. मला अक्का म्हणतो. त्याला म्हटलं, बघ तू आधी. त्याने कोडमध्ये चार ठिकाणी आतली किंमत दाखवणारे प्रिंट टाकले आणि दहा मिनिटांत सांगितलं, "अक्का, आत संकेश्वर येतंय, बाहेर संकेश् जातंय. आणि लांबी आठ दाखवतंय. चारच तर अक्षरं आहेत. जावाच चुकूलालंय." मग एआयला विचारून उपायही आणला. मर्यादा सहाची आहे, ती दहा करून टाका.

मर्यादा सहाची घातली कुणी? मीच, नावं देवनागरीत करताना. स्टिकरवर मोठ्या टायपात सहाच अक्षरं मावतात म्हणून. दहा केलं तर आजचं भागेल, पण सहा ही संख्या कशाची हे त्यालाही कळलेलं नाही आणि त्या एआयलाही. मी त्याचे सगळे प्रिंट काढायला लावले. नाव कापणाऱ्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला, म्हणजे प्रोग्राम तिथं येऊन थांबतो, आणि त्या ब्रेकपॉइंटला अट घातली की गाव संकेश्वर असेल तरच थांब. नाहीतर रोजच्या दोनशे बॉक्सना दोनशे वेळा थांबत बसलं असतं.

थांबलं. व्हेरिएबलच्या शेजारचा बाण दाबून आतला ॲरे, म्हणजे कॅरॅक्टरची रांग, उघडला. प्रोजेक्ट अजून जावा आठवर आहे, त्यामुळे आत एकेक कॅरॅक्टर सुटं दिसतं, शेजारी त्याचा आकडा. स २३६०. अनुस्वार २३०६. क २३२५. एकार २३७५. श २३५८. हलन्त २३८१. व २३५७. र २३५२. पोरगा खुर्ची ओढून जवळ आला. "टिंबसुद्धा वेगळं मोजतंय की."

मोजणारच. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षर-आकड्यांच्या यादीत, देवनागरीला १२८ जागांचा पट्टा आहे. त्यात अक्षराला एक जागा, काना-मात्रा-वेलांटीला एकेक आणि पाय मोडायलाही एक. आपण वाचतो चार, जावा मोजतं आठ. सहावर कापलं की श चा पाय मोडलेला तसाच लोंबत राहतो. खानापूर सात, म्हणून शेवटचा र गेला. आणि निपाणी, चिकोडी, बेळगाव? तिन्ही बरोबर सहा. माझी तपासणीची तीन गावं तीच होती. याला काय म्हणायचं!

मग त्याला गंमत सुचली. कानडीतही स्टिकर काढायचे म्हणून काकांनी विचारलं होतं, तर ते टाकून बघू. कानडी लिपीचाही हिशोब तसाच, मात्रा सुट्या. निप्पाणी आठ, चिक्कोडी आठ, दोन्ही कापले गेले. बेळगावी सात. सहावर कापल्यावर शेवटची वेलांटी उडाली आणि स्क्रीनवर कानडी अक्षरांत चक्क बेळगाव उरलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारने अधिकृतपणे जे नाव बदललं, ते माझ्या एका ओळीने परत फिरवलं होतं. हे स्टिकर छापून गावभर गेले असते तर मला कुणी विचारलं नसतं की बाई, तुझा नाव कापणारा सबस्ट्रिंग चुकलाय का.

दुरुस्ती छोटी झाली. जावात अक्षरांच्या सीमा शोधणारा ब्रेकइटरेटर म्हणून तयार सोय आहे. त्याला विचारून सहावी सीमा आली की कापायचं. यमकनमर्डीसुद्धा आता पूर्ण येतं. य, म, क, न, म, र्डी, बरोबर सहा. तपासणीच्या यादीत मी आता काकांच्या मार्गावरची सगळी गावं घातलीत, बैलहोंगल आणि गडहिंग्लजसकट.

बाबा मागे येऊन उभे होते. निवृत्त झालेत, पण पाठीमागे उभं राहून बघायची सवय गेली नाही. "काय करूलालीस?"

"सिंगल ब्लॉकवर चालवतेय."

"मग ऑटोला कधी?"

"रात्रीच्या गाडीला."

"पहिला स्टिकर हातात घेऊन बघायला सांग त्यांना," म्हणाले आणि टीव्हीपुढे गेले.

रात्री साडेनऊला काकांनी स्टिकरचा फोटो पाठवला. संकेश्वर, सगळं जागेवर, फक्त कागद थोडा तिरका गेला होता.

पोरगा आता प्रिंट टाकत नाही. त्याची अडचण दुसरीच आहे. त्याच्या नव्या लॅपटॉपवर एफ-७ दाबला की आवाज कमी होतो आणि एफ-८ दाबला की वाढतो. एफएन आधी धरायचं हे त्याच्या बोटांत अजून बसलेलं नाही. काल संध्याकाळी लूपमध्ये अडकला होता, तेव्हा मागच्या टॅबमधलं भजन दर फेरीला एकेक घर वर चढत होतं आणि आई आतून ओरडत होती, अरे, कमी करा की ते.