सिगारेट नसलेली सिगारेट कार्डं आणि माझे अकरा आठवडे

ज्यांना सगळं वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी मुद्द्याची गोष्ट आधीच सांगून टाकतो. परदेशातून जुनी सिगारेट कार्डं, म्हणजे पूर्वी सिगारेटच्या पाकिटात घालत ती छोटी छापील चित्रं, मागवणार असाल तर पैसे पाठवण्याआधी विकणाऱ्याला बजावा, की पाकिटावरच्या कस्टमच्या फॉर्मवर ‘सिगारेट’ हा शब्द लिहायचा नाही. ‘छापील कागदी चित्रं, १९२८’ एवढंच लिहायचं. यात लबाडी काही नाही, आत तेच असतं. ही अक्कल मला अकरा आठवडे घालवून आली.

आमच्या म्हापशाच्या क्लबात बिलियर्ड्सची खोली आहे. बारा बाय सहाचं जुनं टेबल, खाली दगडी पाट, वर तीन दिवे. गेल्या वर्षी खोलीला रंग दिला आणि भिंती एकदम नागड्या दिसायला लागल्या. मला बिलियर्ड्सची जुनी चित्रं, पोस्टकार्डं, जाहिराती जमवायचा नाद आहे हे कमिटीला ठाऊक होतं. ‘चवथीच्या आधी काहीतरी लावा’ म्हणून माझ्या गळ्यात घातलं.

पहिलं लावलं ते व्हॅन गॉगच्या ‘नाइट कॅफे’चं छापील चित्र. १८८८ साली आर्लला काढलेलं. लाल भिंती, घड्याळात सव्वाबारा, मधोमध टेबल आणि खेळणारं कोणी नाही. आमच्या मार्करने, म्हणजे टेबल सांभाळणाऱ्या आणि गुण मोजणाऱ्या माणसाने, ते दोन मिनिटं निरखून पाहिलं आणि विचारलं, “पात्रांव, बुराक खंय आसात?” बरोबरच होतं त्याचं. त्या टेबलाला भोकंच नाहीत. ते फ्रेंच पद्धतीचं टेबल. तिथे चेंडू पॉकेटमध्ये घालायचा नसतो, आपल्या चेंडूने बाकीच्या दोन्ही चेंडूंना स्पर्श करायचा, म्हणजे आपण ज्याला कॅनन म्हणतो तेवढंच. त्यावर क्लबातल्या एका ज्येष्ठांनी ‘पोर्तुगीजमध्ये क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, ताकु म्हणतात’ इथपासून सुरुवात करून अर्धा तास घेतला. पण मार्करचं समाधान झालं नाही. त्याला ‘आमच्या’ टेबलाचं चित्र हवं होतं.

म्हणून मी ‘ऑगडेन्स’चा संच शोधला. १९२८ साली या इंग्लिश सिगारेट कंपनीने ‘बिलियर्ड्स बाय टॉम न्यूमन’ म्हणून पन्नास कार्डं काढली होती. न्यूमन म्हणजे १९२१ ते १९२७ या काळात सहा वेळा जगज्जेता झालेला व्यावसायिक खेळाडू. प्रत्येक कार्डावर पुढे फटका, मागे तो कसा मारायचा याचा मजकूर. पन्नास कार्डं म्हणजे खिशात मावणारी शिकवणीच. संच मिळाला, पैसे गेले, आणि ‘जीबी’वर संपणारा ट्रॅकिंगचा नंबर आला. नवव्या दिवशी पाकीट भारतात पोचलंसुद्धा. तेव्हा बायकोला मी म्हटलंही, ‘बघ, किती सोपं असतं.’

त्यानंतर ट्रॅकिंगवर एकच ओळ. ‘कस्टमने रोखून ठेवले आहे.’ रोज सकाळी चहाबरोबर तीच ओळ.

दोन आठवडे वाट बघून आमच्या पोस्टात गेलो. ते म्हणाले, आमच्या हातात काही नाही. शटल बस पकडून पणजीला गेलो, तिथेही तेच, फक्त अधिक सभ्यपणे. तिसऱ्या आठवड्यात एक पत्र आलं. आपल्या नावे आलेल्या पाकिटात तंबाखूजन्य पदार्थ असल्याचं दिसतं, तरी त्याचं बिल, ओळखपत्र, आयातीचा परवाना आणि खुलासा सादर करावा.

मी पत्र तीनदा वाचलं. तंबाखूजन्य पदार्थ! विकणाऱ्याने फॉर्मवर प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘सिगारेट कार्ड्‌स, ५० नग’. वाचणाऱ्याने ‘सिगारेट’ आणि ‘५० नग’ वाचलं, मधला शब्द गळला. आता सिगारेटच्या पाकिटांच्या नियमाप्रमाणे १९२८च्या कार्डाच्या ८५ टक्के भागावर कर्करोगाचा इशारा मी कुठून छापून आणू?

इथे माझी चूक झाली, आणि ती कबूल करायला हवी. राग आला की मला लिहायला सुचतं. मी दोन पानी खुलासा लिहिला. सिगारेटची पाकिटं पूर्वी मऊ कागदाची असत, ती चेपू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत, पुढे त्या पुठ्ठ्यावर चित्रं छापू लागले. अमेरिकेत ॲलन अँड गिंटर या सिगारेट कंपनीने १८८७च्या ‘वर्ल्ड्‌स चॅम्पियन्स’ संचात बेसबॉलवाले, मुष्टियोद्धे आणि त्यांच्या जोडीला बिलियर्ड्सचे खेळाडूही घातले होते. ब्रिटनमध्ये १९४० साली युद्धामुळे कागद कमी पडला आणि ही कार्डं बंद झाली. शेवटी आपले बिलियर्ड्सपटू विल्सन जोन्स, पुण्यात जन्मलेले, १९५८ साली कलकत्त्यात जगज्जेते, हेही घातलं. देशाभिमानाला हात घालावा म्हणून.

स्पीड पोस्टने पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पहिलंच पत्र, शब्द न् शब्द तेच, फक्त तारीख नवी.

मग फोन. लागला तो अकराव्या की बाराव्या प्रयत्नात. पलीकडचा माणूस मराठी, आवाजावरून तरुण, वैतागलेला पण उर्मट नाही. मी सुरुवात केली, ‘१८८७ साली अमेरिकेत...’

“काका, काका, थांबा. आत सिगारेट आहे की नाही?”

“नाही.”

“मग ते लिहा ना. तुमच्या पत्रात सिगारेट हा शब्द किती वेळा आलाय माहीत आहे?”

फोन ठेवून मोजलं. एकोणीस वेळा.

दुसरं पत्र पाच ओळींचं. पाकिटात कागदावर छापलेली पन्नास जुनी चित्रं आहेत. विषय : बिलियर्ड्सचा खेळ. प्रत्येकाचा आकार साधारण ६८ बाय ३६ मिलिमीटर. तंबाखू वा अन्य पदार्थ नाही. सोबत बिल, ओळखपत्र, आणि दोन कार्डांच्या दोन्ही बाजूंची रंगीत झेरॉक्स. ही झेरॉक्स सगळ्यात महत्त्वाची. विकणाऱ्याकडून चांगले फोटो आधीच मागवून ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला वाचावं लागत नाही. आठ दिवसांत ट्रॅकिंगची ओळ बदलली. दोन पानांनी जे झालं नाही ते पाच ओळींनी झालं, आणि एका निवृत्त मास्तराला हे लिहिताना अजून जड जातं.

मध्येच आठवलं म्हणून : मित्र सांगतात, ‘फॉर्मवर गिफ्ट लिहायला सांग, किंमत कमी टाकायला सांग.’ करू नका. बिल मागवलं की दोन्ही आकडे समोरासमोर येतात आणि मग तुमच्या खऱ्या शब्दालाही किंमत राहत नाही. ड्युटी येते ती येते. पोस्टमन दारात मागतो, रोख तयार ठेवा आणि पावती घ्या. आमचा पोस्टमन भर पावसात आला, पाकीट रेनकोटच्या आत छातीशी धरून. त्याला मी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

पाकीट उघडलं, पन्नासच्या पन्नास मोजली. सतरा नंबरचा कोपरा दुमडलेला, बाकी झकास. बायकोने एक कार्ड नाकाशी नेलं आणि म्हणाली, “अहो, याला तंबाखूचा वास येतोय.” मी तिला हळू बोलायला सांगितलं.

आपल्या पावसाळ्यात जुना कागद सांभाळणं हा वेगळाच ताप. कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवाल तर पंधरा दिवसांत बुरशी धरते. गोंद, चिकटपट्टी, लॅमिनेशन यांपैकी काहीही लावू नका. मी कागदाच्या कोपऱ्यांत बसवून घेतली आणि काच कार्डाला टेकणार नाही एवढी फट ठेवायला फ्रेमवाल्याला दोनदा सांगितलं. पाठीमागचा मजकूर दिसत नाही ही खंत आहे, म्हणून मागच्या बाजूंचे फोटो काढून खाली लावलेत. मार्कर रोज एक फटका वाचून घेतो, मग टेबलावर मारून बघतो. न्यूमनचं पटलं नाही तर मान हलवतो. व्हॅन गॉग त्याने दाराच्या मागच्या भिंतीवर हलवलाय.

आता ॲलन अँड गिंटरचं एक सुटं कार्ड त्याच विकणाऱ्याकडून घेतलंय, बिलियर्ड्सच्या खेळाडूचं. या वेळी मी आधीच सविस्तर बजावलं होतं, तो शब्द नको म्हणून. काल त्याची मेल आली. पाकीट रवाना झालंय, काळजी नसावी, ‘सिगारेट’ कुठेही लिहिलेलं नाही. फॉर्मवर ‘टोबॅको कार्ड’ टाकलंय.