'द लास्ट एम्परर'ची डिस्क घेताय? डबीची मागची बाजू आधी वाचा

चीनचा शेवटचा सम्राट पुयी याच्यावरच्या, दिग्दर्शक बर्नार्दो बर्तोलुचीच्या 'द लास्ट एम्परर'ला (१९८७) नऊ ऑस्कर नामांकनं होती आणि नऊच्या नऊ ऑस्कर मिळाले. डबीच्या पुढच्या बाजूला हे ठळक छापलेलं असतंच. पैसे मोजण्याआधी बघायचं ते मागे, बारीक अक्षरांत: मिनिटं, चौकटीचं प्रमाण (रुंदी उंचीच्या किती पट) आणि रीजन (डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेयरवर चालते त्याचा कोड). बाजारात या चित्रपटाच्या इतक्या तऱ्हा फिरतात, की दोघांनी दोन डिस्क घेतल्या तर दोघांनी वेगळाच चित्रपट पाहिला असं होऊ शकतं.

मिनिटांचं आधी उरकू. थिएटरात लागला तो चित्रपट साधारण १६३ मिनिटांचा. जुन्या पाल (युरोप-भारतातली टीव्ही पद्धत) डीव्हीडीवर १५६ दिसलं की लोक म्हणतात सात मिनिटं कापली. कापलेलं काही नसतं. फिल्म सेकंदाला २४ चित्रं चालते, पाल २५ चालवतं, म्हणून सगळा चित्रपट चार टक्के घाईत संपतो. तोटा वेगळाच आहे. आवाजही तेवढाच चढतो, शिक्षक जॉन्स्टन झालेल्या पीटर ओ'टूलचा आवाज किंचित पातळ होतो आणि र्‍युइची साकामोतोचं संगीत जवळजवळ पाऊण अर्धस्वराने वर सरकतं. कान तयार असेल त्याला हे खटकतं. ब्लू-रे आणि ४के (ब्लू-रेच्या पुढची, जास्त बारकाव्याची डिस्क) वर ही भानगड नाही.

तिसरा आकडा २१८ च्या आसपासचा. ही टीव्हीसाठी केलेली लांब आवृत्ती. काही जुन्या डब्यांवर तिला 'डायरेक्टर्स कट' म्हटलंय, ते मनावर घेऊ नका. बर्तोलुचीचा चित्रपट म्हणजे थिएटरवाला. लांब आवृत्तीत तुरुंगातले आणि राजवाड्यातले प्रसंग पसरट होतात. पहिल्यांदा बघणाऱ्याने ती लावूच नये. अमेरिकेच्या क्रायटेरियन कंपनीच्या २००८ च्या चार डीव्हीडींच्या संचात दोन्ही आवृत्त्या आहेत, पण त्यांच्याच २००९ च्या ब्लू-रे मध्ये लांब आवृत्ती नाही. दोन्ही हव्या असतील तर इथेच गफलत होते.

आता चौकट. खरं दुखणं इथे आहे. चित्रपट थिएटरात २.३५:१ असा रुंद दाखवला गेला. पुढे छायाचित्रकार व्हित्तोरिओ स्तोरारोने सगळ्या चित्रपटांसाठी २:१ हे एकच प्रमाण असावं असा आग्रह धरला, त्याला 'युनिव्हिजियम' नाव दिलं, आणि क्रायटेरियनची डीव्हीडी व ब्लू-रे त्याच्या संमतीने २:१ मध्ये निघाली. उंची तीच ठेवून २.३५ चं २ केलं की रुंदीतला जवळजवळ १५ टक्के भाग जातो. राज्यारोहणाच्या प्रसंगात पिवळा पडदा फडफडतो, पोरगं पळत बाहेर येतं आणि समोर अंगणभर दरबारी ओळीने उभे दिसतात. त्या ओळी कडांपर्यंत जातात, आणि नेमक्या कडाच छाटलेल्या. पैठणीचे काठ कापून नेसल्यासारखं. स्तोरारोचा शब्द मोठा आहे, चित्रीकरण त्याचंच. तरी या बाबतीत त्याचं ऐकू नये असं आमचं स्पष्ट मत. २०२३ मध्ये ब्रिटनच्या ॲरो कंपनीने काढलेल्या ४के आवृत्तीत रुंद चौकट आहे. दुसरी कुठली आवृत्ती घेतली तरी मागे २.३५ लिहिलंय का ते बघा.

घरात मात्र उलटी तक्रार येते: "वर-खाली काळं का दिसतंय?" ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ९५ सेंमी रुंद आणि साडेत्रेपन्न सेंमी उंच. २.३५ चं चित्र त्यात साडेचाळीस सेंमी उंच बसतं, म्हणून वर साडेसहा आणि खाली साडेसहा सेंमी काळी पट्टी राहणारच. कुणीतरी रिमोट घेऊन झूम दाबतं आणि जी रुंदी पैसे देऊन आणली ती घालवतं. झूमला हात लावू नका. टीव्हीत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' अशा नावाचा पर्याय असतो, तो चालू करा. नाहीतर टीव्ही स्वतःहून चारी कडा थोड्या खातो.

रीजनचं गणित सोपं आहे, पण फसतात त्यातच जास्त. भारत ब्लू-रे साठी 'सी' मध्ये आणि डीव्हीडीसाठी ५ मध्ये येतो. अमेरिकेची ब्लू-रे 'ए', ब्रिटनची 'बी'. इथे घेतलेला साधा प्लेयर किंवा इथे घेतलेला प्लेस्टेशन त्या नाकारतो. ४के डिस्कना रीजन नसतं. पण ४के च्या डबीत बऱ्याचदा सोबत ब्लू-रेही असते आणि तिला रीजन असू शकतं, म्हणजे चित्रपट चालेल आणि जादा माहितीपट चालणार नाहीत. साध्या ब्लू-रे प्लेयरवर ४के डिस्क चालतच नाही, हेही लक्षात ठेवा. जळगाव-धुळ्यात असल्या डिस्क दुकानात मिळत नाहीत, बाहेरूनच मागवाव्या लागतात. कस्टम ड्युटी धरूनच बजेट मांडा आणि परत पाठवणं परवडणार नाही हे गृहीत धरा.

रंगांकडे येऊ. स्तोरारोने आयुष्याच्या टप्प्यांप्रमाणे रंग वाटलेत. सुरुवातीला पुयी मनगट कापतो त्या रक्ताचा लाल, राजवाड्यातला नारिंगी-पिवळा, शिक्षक जॉन्स्टन आल्यावर ठळक होणारा हिरवा, आणि तुरुंगातला करडा. टीव्ही दुकानातून येतो तो 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक'वर. त्यात तुरुंगही हिरवट-निळा चमकतो आणि दोन जगांतला फरकच मावळतो. 'फिल्ममेकर', 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' यांपैकी जो असेल तो मोड लावा, कलर टेंपरेचर 'वॉर्म' ठेवा. पहिली दहा मिनिटं चित्र मळकट वाटेल, मग डोळा सरावतो. तपासायला एक प्रसंग नेमका आहे: दोघे भाऊ धडे गिरवत असतात आणि धाकट्याच्या अंगावर पिवळं दिसल्यावर पुयी हरकत घेतो, कारण तो पिवळा फक्त सम्राटाचा. तो पिवळा हळदीच्या अंगाने जाणारा दिसला पाहिजे. लिंबासारखा हिरवट दिसला तर टेंपरेचर अजून 'कूल'वर आहे, झेंडूसारखा भडक दिसला तर 'कलर' जास्त आहे.  अंधाऱ्या प्रसंगांत काळा रंग काळाच दिसावा, राखाडी नको. राखाडी दिसला तर प्लेयर आणि टीव्हीची ब्लॅक लेव्हल जुळत नाही, दोन्हीकडे 'लिमिटेड' किंवा दोन्हीकडे 'ऑटो' ठेवा.

मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करायला टीव्ही मधे स्वतःची चित्रं घालतो ते) पूर्ण बंद. ते चालू असलं की राजवाडा मालिकेच्या सेटसारखा दिसतो. प्लेयरमध्ये २४पी (सेकंदाला २४ चित्रं) चालू. ४के चित्र फिकं आलं तर टीव्हीच्या त्या एचडीएमआय पोर्टचं 'एन्हान्स्ड' सेटिंग बंद असतं किंवा केबल जुनी असते. १८ जीबीपीएसची केबल पुरते, महागडी लागत नाही.

आपल्याकडचा मोठा शत्रू लाईट. डीव्हीडी प्लेयर बहुधा जागा लक्षात ठेवतो. ब्लू-रे मात्र लाईट गेल्यावर बऱ्याचदा पहिल्या इशाऱ्यांपासून सुरू होते, कारण तिचा मेनू हा एक छोटा प्रोग्रॅमच असतो आणि तो नव्याने चालू होतो. पावणेतीन तासांच्या चित्रपटात हे भारी पडतं. अधूनमधून रिमोटचं 'डिस्प्ले' दाबून चॅप्टर नंबर बघून ठेवा. घरी इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण 'यूपीएस' मोडवर करा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला जरा वेळ लागतो आणि तेवढ्यात प्लेयर रीसेट होतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ॲम्प्लिफायर गुणगुणतो, ती बिघाडाची खूण नाही.

दुसरा शत्रू कूलर. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेल्यावर भुसावळात कूलर बंद ठेवून चित्रपट बघा असं कुणाला सांगायची आमची हिंमत नाही. पण त्या घरघरीत चौकशीच्या खोलीतले हळू संवाद बुडतात, म्हणून इंग्रजी सबटायटल चालू ठेवा (मराठी नसतात). कूलरचा झोत प्लेयरवर येऊ देऊ नका: ओल आणि धूळ मिळून लेन्सवर थर बसतो, आणि मग चांगली डिस्कही 'नो डिस्क' दाखवते. खरं तर हा हिवाळ्यातला चित्रपट. फक्त भरीत-पुऱ्यांचा बेत झाल्यावर लावू नका, राज्यारोहणाआधीच अर्धं घर पेंगतं.

घरच्यांना आधी चार तारखा सांगा, कारण गोष्ट १९५० मध्ये सीमेवरच्या रेल्वे स्टेशनवर सुरू होऊन एकदम १९०८ मध्ये उडी मारते. पुयीचा जन्म १९०६, तिसरं वर्ष पुरं व्हायच्या आत सिंहासन. १९१२ मध्ये राज्यत्याग, तरी १९२४ पर्यंत फॉरबिडन सिटीतच (बीजिंगच्या राजवाड्यातच) मुक्काम. १९३४ मध्ये जपान्यांच्या हातचा मांचुकुओचा (ईशान्य चीनमधल्या बाहुल्या राज्याचा) सम्राट. १९४५ मध्ये सोव्हिएतांच्या ताब्यात, १९५९ मध्ये माफी. एवढं पुरतं.

डिस्क पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल ओरखडा ट्रॅकच्या बाजूने लांबवर जातो आणि प्लेयरला तेवढी चूक सावरता येत नाही. ब्लू-रेचा डेटा पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिमी आत असतो, म्हणून डीव्हीडीवर चालणारे टूथपेस्टचे प्रयोग इथे करू नका. चित्रपट मध्यावर एकदा अडकला तर बहुतेक वेळा तिथे थर बदलतो आणि बाहेर बोटाचा ठसा असतो. ओलसर मायक्रोफायबरने पुसून पाहा. डबी उभी ठेवा, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर कधीच नाही. तिथे उन्हाळ्यात डिस्क वाकते आणि दाबून सरळ होत नाही. पुठ्ठ्याचं कव्हर व पुस्तिका पावसाळ्याआधी प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा, कारण कसर आधी कागदाला लागते आणि सुटी पुस्तिका वेगळी विकत मिळत नाही.